पेठेच्या टोकाचा सूर्य

“हलू नका.”

आमच्या फोटोवाल्या मावशींच्या तोंडी हे दोन शब्द इतके बसले होते की समोर कॅमेरा असो नसो, त्या ते म्हणायच्याच. भाजीवालीनं तराजू उचलला की तिला म्हणायच्या. पायरीवर झोपलेलं कुत्रं अंग खाजवायला उठलं की त्यालाही म्हणायच्या. एकदा आमच्या दवाखान्यासमोर सोडावाला आणि गूळ-शेंगदाण्याचा गुडदाणीवाला एकमेकांची गचांडी धरून उभे होते. मावशी रस्ता ओलांडून आल्या, मान तिरकी करून दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हलू नका.” दोघंही खरोखर थांबले. मावशी पुढं निघून गेल्या. आता हे काय म्हणून दोघं मिळून माझ्याकडे विचारायला आले, आणि भांडण कशावरून चाललं होतं ते तिथंच राहून गेलं.

मी तेव्हा लोणावळ्याच्या पेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. घाटात वाफेच्या इंजिनांच्या जागी विजेची इंजिनं नुकती धावू लागली होती, त्या काळची ही गोष्ट. माझं टेबल दारातच होतं. आत डॉक्टर रोगी तपासत आणि बाहेर मी पेठ तपासत असे. समोरच मावशींचा स्टुडिओ, त्यामुळे माझ्या तपासणीत त्या रोज येत.

बुटकी, सडसडीत बाई. कपाळ मोकळं, अंगावर फिकं लुगडं, आणि बोटांची टोकं औषधांनी कायमची काळी झालेली. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांच्या यजमानांचं. ते गेले तेव्हा तळेगावाहून भाऊ न्यायला आला होता. मावशी त्याला म्हणाल्या, अरे, चार काचा धुवायच्या राहिल्यात, लोकांचे फोटो अडकलेत, तेवढं उरकते आणि येते. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा, आणि त्या काचा धुता धुता त्यांची दहा वर्षं गेली. भाऊ दर दिवाळीला विचारायचा आणि दर दिवाळीला काचा शिल्लक असायच्या.

त्यांच्याकडे गिऱ्हाईक होतं ते बायकांचं. बंगल्यांवर हवा खायला येणाऱ्या मुंबईच्या शेठाणी, पेठेतल्या सुना, वाड्यावस्त्यांवरच्या लेकी सासरी जाण्याआधी एक फोटो म्हणून येत. पुरुष मात्र त्यांच्या पायऱ्या चढत नसत. ते स्टेशनाजवळच्या दुसऱ्या स्टुडिओत जात. एका बाईपुढं ताठ बसायचं आणि तिनं हलू नका म्हटलं की श्वास रोखायचा, हे आमच्या पेठेतल्या मिशांना जमणारं नव्हतं. मी एकदा मावशींना याबद्दल छेडलं. त्या म्हणाल्या, पुरुषांना खुर्ची मोठी लागते, ती माझ्याकडे नाही. एवढं बोलून त्यांनी पडदा ओढून घेतला. तो पडदा जरा जोरात ओढला गेला, हे माझ्यासारख्या बघणाऱ्याच्या लक्षात यायचं ते आलंच.

आता पेठेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची पेठ मारुतीच्या देवळापासून निघते आणि दोरी धरल्यासारखी सरळ मावळतीकडे जाते. दोन्ही अंगांना दुकानं. शेवटचं दुकान संपलं की रस्ता खाली उतरतो, आणि तिथं त्या काळी काहीच नव्हतं. नुसतं आभाळ होतं.

हनुमान जयंतीची संध्याकाळ होती. पालखी देवळातून निघून पेठेत आली होती. मावशी माझ्या पायरीवर प्रसाद हातात घेऊन उभ्या होत्या. मी सहज मावळतीकडे बघितलं आणि बघतच राहिलो. सूर्य पेठेच्या टोकाला, दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या अगदी मधोमध, रस्त्याला टेकला होता. तांब्याच्या परातीएवढा, लालभडक, आणि डोळे न मिटता बघता येईल इतका शांत. पालखी त्याच्यात शिरते आहे असं वाटत होतं. बघता बघता तो रस्त्याखाली उतरला. मावशींच्या हातातल्या प्रसादाला मुंग्या लागल्या तरी त्यांना पत्ता नव्हता.

“भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “हा मी काढणार.”

मी म्हटलं, काढा की, सूर्य काय रोज मावळतोच. दुसऱ्या दिवशी त्या कॅमेऱ्याची तिवई घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. सूर्य अंगभर उजवीकडे सरकला होता. तिसऱ्या दिवशी आणखी सरकला, आणि चौथ्या दिवशी धान्याच्या वखारीमागं गेला तो गेलाच. मावशींनी तिवई मिटली. कालपर्यंत पेठेत कुणी सूर्याकडे लक्ष दिलं नव्हतं, पण आता ज्याला त्याला त्याची माहिती होती. सोडावाला म्हणाला, पावसाळ्यात तो परत फिरतो तेव्हा याच वाटेनं येतो. हे खरंच होतं. पण श्रावणात लोणावळ्याला सूर्य कुणी बघितलाय? तरी मावशी एका संध्याकाळी छत्री धरून उभ्या राहिल्या होत्या. धुक्यात त्यांना वखारसुद्धा दिसेना.

मग वर्षभर वाट बघणं आलं. आणि इथं आमच्या अख्ख्या पेठेनं मिळून जी चूक केली, ती सांगायला मला आजही मजा वाटते. सूर्य हनुमान जयंतीला टोकावर आला होता, म्हणजे पुढच्या हनुमान जयंतीला येणार, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. सण सणाच्या दिवशी येतो, मग सूर्य कुठं जाईल? मावशींनी तीन काचा भरून ठेवल्या. पालखीवाल्यांना सांगून पालखी अर्धा तास उशिरा काढायला लावली. गुडदाणीवाल्यानं रस्त्यावर पाणी मारलं. संध्याकाळी सगळे मावळतीकडे तोंड करून उभे राहिले आणि सूर्य डावीकडे पिठाच्या गिरणीमागं निवांत मावळला.

काय गोंधळ उडाला म्हणता. कुणी म्हणालं गिरणीच्या मालकानं भिंत पुढं घेतलीय. कुणी म्हणालं गेल्या पावसाळ्यानंतर रस्ता दुरुस्त केला तेव्हाच वाकडा झाला. शेवटी देवळातले जोशीबुवा हसत हसत पुढं आले. तिथी चंद्राची असते, म्हणाले, सूर्य तिला विचारून चालत नाही. म्हणून तर संक्रांत आपली इंग्रजी तारखेला येते. मी म्हटलं, बुवा, हे काल का नाही सांगितलं? ते म्हणाले, कुणी विचारलं कुठं? आणि खरं सांगायचं तर ते स्वतःसुद्धा सकाळपासून उपरणं सावरून पुढच्या रांगेत उभे होते.

मावशी हिरमुसल्या. पुढं मळवलीला एका घरचं लग्न आलं, तिकडे फोटो काढायला त्या निघून गेल्या. आणि त्या तिकडे असताना, हनुमान जयंतीनंतर दहा-बारा दिवसांनी, मी खोकल्याच्या औषधाची बाटली हलवत दारात उभा होतो तेव्हा सूर्य बरोब्बर टोकावर आला. हातात बाटली, आणि ज्यांना हाक मारायची त्या मळवलीला. त्या परत आल्यावर मी भीत भीत सांगितलं. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “उजेड कुणाच्या बापाचा नोकर नाही,” त्या म्हणाल्या. “आपणच त्याच्या दारात जाऊन बसायचं.”

त्या खरोखरच जाऊन बसल्या. आमच्या दवाखान्यासमोर कंदिलाचा खांब होता. त्याची सावली संध्याकाळी देवळाच्या दिशेनं लांब पडायची. त्या सावलीवर मावशी रोज चुन्याची रेघ ओढू लागल्या. ज्या संध्याकाळी सावली गटाराच्या कडेला धरून सरळ पडेल, त्या संध्याकाळी सूर्य पेठेच्या तोंडाशी येणार, असा त्यांचा हिशोब. चांगला हिशोब होता. फक्त रेघा टिकत नव्हत्या. गाई चुना चाटायच्या, गाड्यांची चाकं पुसून टाकायची. मग मावशींनी गटाराच्या कडेला दगडावर छिन्नीनं खुणाच करून घेतल्या. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, काय चाललंय? मी सांगायचो, सूर्याला मुक्कामाची जागा आखून देतायत.

तिसऱ्या वर्षी दिवस चुकण्याचा प्रश्न राहिला नाही. आता मावशींना दुसरीच काळजी लागली, ती धुराची. चैत्र लागला की आमच्या मावळात राब भाजतात. भाताची रोपं ज्या तुकड्यात टाकायची, त्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून ते जाळायचं, म्हणजे जमीन तापते आणि रोपं जोमानं येतात. पेठेच्या टोकाखालच्या उतारावर एक वाडी होती. तिथले राब पेटले की मावळतीचं आभाळ गढूळ व्हायचं. मावशींना वाटलं, एवढा जपून ठेवलेला दिवस, आणि त्यावर धूर नको.

त्या मला घेऊन वाडीवर गेल्या. वाडीतले वडीलधारे म्हणजे धोंडूआबा. मोठं पागोटं, थोडं बोलणं. आबांची बायको मावशींना ओळखत होती, कारण आदल्या वर्षी लेकीच्या लग्नाआधी मावशींनी मायलेकींचा फोटो काढला होता. ती चहा ठेवायला गेली आणि मावशींनी आबांपुढं मागणं ठेवलं, की चार दिवस राब पेटवू नका.

“मावशी,” आबा म्हणाले, “राब न्हाई भाजला तर भात कुटनं यायाचा?”

मावशी म्हणाल्या, नंतर भाजा की, मी कुठं नको म्हणते. आबा विचार करत बसले. आतून त्यांच्या बायकोनं काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. आबांनी मान हलवली आणि म्हणाले, चार दिस थांबतो.

त्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं लख्ख होतं. सूर्य टोकावर आला तो डोळ्यांना सोसवेना. आम्ही सगळे हातांची झापडं करून उभे होतो. मावशींनी काच घातली, भिंगावरचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, झालं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी कागदावर छाप काढला तेव्हा मावशींनी मला आत बोलावलं. पेठ आली होती, दुकानं आली होती. आणि पेठेच्या टोकाला, जिथं सूर्य हवा, तिथं काळा गोल होता. कोळशासारखा काळा, भोवती पांढऱ्या उजेडाचं कडं. सूर्याचा उजेड इतका की काच तो पचवू शकली नव्हती. अति उजेड झाला की काचेवर सगळं उलटतं, असं त्यांचे यजमान सांगत, पण मावशींनी ते कधी पाहिलं नव्हतं.

पेठेत गोष्ट लपत नाही. संध्याकाळपर्यंत काळ्या सूर्याची बातमी मारुतीपर्यंत पोचली. कुणी म्हणालं ग्रहणाची खूण, कुणी म्हणालं पटकी येणार. एकजण माझ्याच बाकावर बसून म्हणाला, बाईमाणसानं, त्यातून अशा बाईनं, सूर्यनारायणाला पेटीत धरायला जायचं म्हणजे हे असंच व्हायचं. मी त्याला पोटदुखीवर जे सगळ्यात कडू औषध होतं ते दिलं. त्याचं पोट दुखत नव्हतं. पण त्या महिन्यात दोन सुना मावशींकडे यायच्या थांबल्या, सासूबाईंनी अडवलं म्हणून. हे मावशींना लागलं. पायरीवरच्या कुत्र्यालासुद्धा त्या हलू नका म्हणायच्या थांबल्या.

आणि त्याच सुमाराला दुसरी बातमी आली. पेठेच्या टोकाची जागा मुंबईच्या एका शेठनं घेतली होती. तिथं हवा खायला येणाऱ्यांसाठी दुमजली लॉजिंग बांधायचं होतं. पुढल्या अक्षय्यतृतीयेला पायाभरणी. जागा नेमकी रस्ता उतरतो तिथली, म्हणजे रस्ता वळवून बाजूनं नेणार आणि टोक बंद होणार. मावशींना पुढचा एक चैत्र मिळणार होता, आणि तो शेवटचा. शेठ दिवाळीत जागा बघायला आले तेव्हा मावशी त्यांना भेटल्या. ते वाईट वागले नाहीत. हसून म्हणाले, बाई, सूर्य मुंबईलाही मावळतो, आमच्या गच्चीवर या.

त्या हिवाळ्यात मावशींचा काळ्या सूर्याशी जणू संवाद चालू होता. तो छाप त्यांनी फाडला नाही. स्टुडिओत आरशाशेजारी लावून ठेवला. येता-जाता त्याच्याकडे बघायच्या. मी म्हणायचो, मावशी, अवलक्षण कशाला समोर ठेवता? मग एका दुपारी त्या तरातरा रस्ता ओलांडून आल्या. डोळ्यांत पूर्वीची चमक होती.

“भाऊ, पहिल्या वर्षी आपण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत होतो. आठवतं?”

मी म्हटलं, हो, परातीसारखा होता.

“आणि त्या आठवड्यात तुमच्याकडे गर्दी कशाची होती?”

मी आठवून सांगितलं, खोकल्याची. आणि माझ्या डोक्यात उजेड पडायच्या आधीच त्या हसायला लागल्या. सगळी वाडी राब भाजत होती, म्हणून पेठ खोकत होती, आणि म्हणूनच सूर्य डोळ्यांना सोसत होता. ज्या धुराला आम्ही हात जोडून थांबवलं, त्यानंच सूर्याला काचेत मावेल इतका मवाळ केला असता.

पुन्हा वाडी. या खेपेला मला जावंसं वाटत नव्हतं, कारण पौष महिन्यात आबांची बायको गेली होती. दोन दिवसांचा ताप. डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झाला होता. आबा ओट्यावर बसले होते, पागोटं शेजारी काढून ठेवलेलं. मावशींनी आधी बाकीचं बोलून घेतलं आणि मग चाचरत विषय काढला. सगळ्या वाडीनं राब एकाच दिवशी पेटवावेत, त्याच संध्याकाळी. त्या आधी कुणी पेटवू नये.

आबा म्हणाले, “गेल्या साली म्हनलात पेटवू नका, औंदा म्हनता पेटवा. तुमचं येकदा ठरवा, मावशी.”

त्यांच्या मागं बसलेल्या दोघा-तिघांनी तोंडावर उपरणं धरलं. मग त्यातला एकजण नेमकं बोलला. तोवर थांबायचं, आणि मधेच वळीव आला, राब भिजले, तर भिजलेला राब पेटत नाही. रोपं खुरटली तर वर्ष गेलं. खोटं आश्वासन द्यायची मावशींना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, ते खरं आहे, मग राहू द्या, आणि उठल्याही.

“बसा,” आबा म्हणाले. “आमची ही तुमच्या काचंवर हाय, तेवडीच ऱ्हायली आमाला. आमी थांबतो.”

मावशींनी तिथंच पदरानं डोळे पुसले. मीही नाक शिंकरायच्या निमित्तानं बाहेर गेलो. माणसं किती थोडक्यात किती देतात, याचं मला त्या दिवशी फार वाटलं.

तो चैत्र मी कधी विसरणार नाही. टोकाला शेठच्या विटांचे आणि दगडांचे ढीग येऊन पडले होते. आणि पाडव्यानंतर दुपारी दुपारी दक्षिणेकडे ढग जमायला लागले. मी औषध ढवळता ढवळता आभाळाकडे बघायचो. सोडावाला बघायचा, गुडदाणीवाला बघायचा, जोशीबुवा तर पंचांग उघडून त्यात पावसाचा योग नाही असं रोज नव्यानं सांगायचे. मावशींचं वेड होतं ते कधी आमचं झालं, कळलं नाही. तिकोना पेठेकडे वळीव झाल्याची बातमी आली तेव्हा सोडावाल्याला दोन घास जेवण गेलं नाही, असं त्याच्या बायकोनं मला सांगितलं. आमच्याकडे मात्र आला नाही.

दगडावरची खूण आणि खांबाची सावली जुळली त्या संध्याकाळी पेठ भरून गेली होती. मावशींनी तिवई देवळाच्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध लावली होती. खालून वाडीचा धूर वर आला. सगळ्या वाडीचे राब एकदम पेटलेले, त्यात घाटातून वर येणारा वारा. धूर इतका आला की सूर्य नाहीसाच झाला. लोक खोकायला लागले. टोकाला नुसता पिवळा अंधार. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, गेला, आता गेला. मावशी काळ्या कापडाखालून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तीन वर्षं, आणि त्यांनीच मागून घेतलेला धूर. मला त्यांच्याकडे बघवेना.

वारा पडला. धूर हळूहळू वर चढला, पातळ झाला, आणि त्यातून सूर्य बाहेर आला. पहिल्या वर्षीसारखाच, तांब्याचा, काठ अगदी रेखीव, रस्त्याला टेकायला दोन बोटं उरलेला. पेठेतून एकच सुस्कारा निघाला.

मावशींनी आधी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की कुणी माझ्याकडे बघायचं नाही, जो तो आपापल्या कामात, तोंड मावळतीकडे. आता त्यांनी काच घातली, झाकणाला हात लावला आणि पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हलू नका.”

अख्खी पेठ थिजली. गाडीवानानं बैलाच्या शेपटीवरचा हात तसाच ठेवला. सोड्याची बाटली तिरकीच राहिली. मीसुद्धा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो आणि श्वास घ्यायचा विसरलो. मावशींनी झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. सूर्य रस्त्याला टेकला आणि खाली गेला. मग गुडदाणीवाला रडायला लागला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी मावशी धुतलेली काच आणि कागद लाकडी चौकटीत घालून बाहेर आल्या. छाप उन्हातच उमटवायचा असतो. त्यांनी चौकट आमच्या दवाखान्याच्या पायरीवर ठेवली. भोवती पेठ जमली. उघडून बघू का, बघू का, असं जो तो विचारत होता, आणि मावशी कुणाला हात लावू देत नव्हत्या. ऊन आपलं काम करत होतं. शेवटी त्यांनी चौकट सावलीत नेली आणि कागद बाहेर काढला.

पांढरा सूर्य होता. गोल, स्वच्छ, पेठेच्या अगदी टोकाला, रस्त्यावर ठेवल्यासारखा. त्याच्याभोवती धुराचा पातळ पडदा आणि दोन्ही बाजूंना आमची दुकानं.

मावशींनी तो कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. मी त्यांना इतकं उघडपणे आनंदात कधी पाहिलं नव्हतं. पेठेनं काय केलं म्हणता? देवळातला नगारा आणला. हनुमान जयंती होऊन गेली होती, तरी जोशीबुवांनी घंटा बडवली. गुडदाणीवाल्यानं परात भरून गुडदाणी वाटली, वाडीवरही पाठवली. काळ्या सूर्याला अपशकुन म्हणणारा तो माणूस सगळ्यात पुढं होता. त्याला मी या वेळी गोड औषध द्यायला तयार होतो. वळीव त्यानंतर चार दिवसांनी आला. तोवर राब भाजून झाले होते, आणि त्या साली वाडीचं भात चांगलं आलं.

पुढच्या महिन्यात शेठनं पाया घातला. भिंती चढल्या, मजले चढले, पेठेचं टोक बंद झालं. लॉजिंग उघडायच्या वेळी शेठ स्वतः स्टुडिओची पायरी चढून आले आणि त्या फोटोचा मोठा छाप मागितला. त्यांना तो पुढच्या खोलीत लावायचा होता. मावशी म्हणाल्या, “घ्या. तुमच्या भिंतीनं तो अडवलाय, तर तुमच्याच भिंतीवर राहू दे.” शेठ हसले. ते तसे मोकळे होते.

त्या दिवाळीपासून पुरुषमंडळी मावशींकडे यायला लागली. पहिला सोडावाला आला, धुतलेला कोट घालून. मावशींनी त्याला त्याच खुर्चीत बसवलं, बायका बसायच्या त्याच. खुर्ची पुरली. पुढं लढाईच्या काळात काचा आणि कागद मिळेनासे झाले, डोळेही अधू झाले, आणि मावशी तळेगावला भावाकडे गेल्या. या खेपेला धुवायच्या काचा शिल्लक नव्हत्या. तिथंच त्या गेल्या. आम्हाला दोन दिवसांनी कळलं. पेठ बंद ठेवायचं कुणी ठरवलं नव्हतं, पण दुपारपर्यंत सगळ्यांच्या फळ्या लागल्या होत्या.

मी अजून कधीतरी लॉजिंगच्या पुढच्या खोलीत जाऊन बसतो. फोटो तिथंच आहे. तिथं उतरलेले लोक सूर्याकडे बघतात आणि वा म्हणतात. मी त्यांना सूर्याखाली बघायला सांगतो. तिथं माणसं आहेत. धुरातल्या उजेडात चेहरे अंधुक दिसतात, पण मला प्रत्येकजण ओळखू येतो. तो पागोट्यावरून, तो उभं राहण्यावरून, तो पोटावरून. गिरणीवाला, वखारवाला, गाडीवान, बुवा, मी. मावळतीकडे तोंड करा असं मावशींनी दहादा बजावलं होतं. हलू नका म्हटल्याबरोबर सगळे वळले. एकानंही ऐकलं नाही. वर्षातून एकदा टोकावर येणारा, पुन्हा कधी न दिसणारा सूर्य मागं मावळतो आहे, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पेठेतला एकूण एक पुरुष, ताठ, श्वास रोखून, मावशींकडे बघतो आहे.